चार जीबीवर तुटलेली टार फाइल आणि छोट्या डीटीपी ऑफिसचा बॅकअप

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या नौपाड्यात तळमजल्यावर डीटीपीचं ऑफिस, एक लिनक्स मशीन. ‘चालू’ नावाच्या फोल्डरमध्ये १८ जीबी कामं, शिवाय संपलेल्या कामांचा ६०० जीबी साठा. दर शनिवारी रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘चालू’चं टार-जीझिप होऊन (टार सगळ्या फायली एका फाइलमध्ये बांधतो, जीझिप ती दाबून लहान करतो) ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर जातं, दर वेळी त्याच नावाने. परवा दिवाळी अंकाची एक फाइल परत काढायला गेल्यावर ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ असा संदेश आला. पेनड्राइव्हवरच्या फाइलचा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइट दिसतो. हे का झालं, त्यातून काही निघेल का आणि पुढे काय करावं?

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे.)

आधी तातडीचं काम. क्रॉनमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकून ती आजच बंद करा, नाहीतर येत्या शनिवारी ती हीच फाइल पुसून तिच्यावर नवी लिहील. मग पेनड्राइव्हवरची फाइल जशीच्या तशी हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि पुढचं सगळं त्या कॉपीवर करा. एक रिकामं फोल्डर बनवा, त्यात जा आणि ‘टार -एक्स -व्ही -झेड -एफ’ देऊन पुढे त्या फाइलचा पूर्ण पाथ लिहा. टार सुरुवातीपासून एकेक फाइल बाहेर काढत जाईल आणि तुटलेल्या जागी पोचल्यावर तोच संदेश देऊन थांबेल. तोपर्यंत निघालेलं सगळं चांगलं असतं. फक्त स्क्रीनवर सगळ्यात शेवटी ज्या फाइलचं नाव आलं ती अर्धवट असते, ती टाकून द्या. तुमची फाइल त्यात असेल की नाही, हे तिच्या नावावरून ठरवता येत नाही. टार फायली अकारविल्हे भरत नाही, डिस्कवरच्या फोल्डरच्या नोंदी ज्या क्रमाने हाती येतात त्या क्रमाने भरतो.

आता कारण. तो आकडा नीट पाहा: ४,२९,४९,६७,२९५ म्हणजे २ चा ३२ वा घात वजा १. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्या पद्धतीत फाइलचा आकार लिहायला चारच बाइट असतात. त्यामुळे एक फाइल चार जीबीपेक्षा एक बाइट कमी इथपर्यंतच वाढते. पेनड्राइव्हवर २८ जीबी मोकळी असली तरी काही उपयोग नाही. जीझिपने त्या रात्री ‘फाइल टू लार्ज’ असं सांगितलंही असणार, पण क्रॉनचा संदेश मशीनवरच्या टपालपेटीत जातो आणि ती कोणी उघडत नाही. दर आठवड्याला तेच नाव असल्यामुळे ‘चालू’ लहान असताना झालेली शेवटची धड प्रतही पुसली गेली. मला यातली तिसरी चूक सगळ्यात मोठी वाटते. पहिल्या दोन नुसत्या राहिल्या असत्या तर महिन्यापूर्वीची प्रत तरी हाताशी असती.

चार जीबीवर उपाय म्हणून फाइलचे तुकडे करता येतात. ‘स्प्लिट -बी ४०००एम’ मधून पाइप केलं (टारमधून निघणारं थेट स्प्लिटला दिलं) की ४००० एमबीचे भाग पडतात आणि परत काढताना ते ‘कॅट’ने क्रमाने जोडायचे. पण तुम्हाला मी हे सुचवणार नाही. पेनड्राइव्ह ही गिऱ्हाइकाकडे फाइल पोचवायची वस्तू आहे. ऑफिसच्या बॅकअपसाठी दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या आणि त्या लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅट या पद्धतीत चार जीबीची अडचण येत नाही, पण त्यावर लिनक्सच्या परवानग्या आणि हार्ड लिंक राहत नाहीत, आणि पुढे हार्ड लिंकच आपल्या कामाच्या आहेत.

इथे तीन कामं एकमेकांत मिसळली आहेत. चालू कामाची रोजची प्रत ठेवणं हे एक. संपलेलं काम बांधून ठेवणं हे दुसरं. जागा वाचवायला दाबणं, म्हणजे कॉम्प्रेस करणं, हे तिसरं. तुमच्या क्रॉनच्या ओळीत तिन्ही एका टारमध्ये कोंबली आहेत, म्हणून एक कोपरा तुटला की सगळंच हातचं जातं.

चालू कामासाठी टार नको, आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्राम घ्या. तो आकार आणि बदलाची वेळ पाहून फक्त बदललेल्या फायली उचलतो. १८ जीबीतलं दिवसाकाठी दीड-दोन जीबी बदलत असेल, तर रोजचं काम काही मिनिटांत उरकतं. शिवाय प्रत उघड्या फायलींच्या रूपात राहते. एक फाइल हवी असेल तर फोल्डरमधून उचलायची, बाकी काही सोडवायचं नाही.

रोज वेगळं फोल्डर, पण न बदललेल्या फायलींना जागा मात्र एकदाच, हे ‘--लिंक-डेस्ट’ या पर्यायाने जमतं:

आरसिंक -ए --लिंक-डेस्ट=/बॅकअप/कालची-तारीख /कामे/चालू/ /बॅकअप/आजची-तारीख.अर्धी/

कालच्या प्रतीत जी फाइल जशीच्या तशी आहे तिची आज हार्ड लिंक बनते, म्हणजे दोन नावं आणि डिस्कवर मजकूर एकच. नव्या आणि बदललेल्या फायलींची मात्र खरी कॉपी होते. तीस दिवसांची तीस फोल्डर दिसतात, प्रत्येक फोल्डर पूर्ण असतं, आणि जागा लागते १८ जीबी अधिक रोजचे बदल. जुनं फोल्डर काढून टाकलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. लिंक-डेस्टचा पाथ मुळापासून, तिरक्या रेघेपासून द्या. अर्धा पाथ दिलात तर आरसिंक तो जिथे कॉपी करायचं त्या फोल्डरपासून मोजतो, फोल्डर सापडत नाही, तो एक इशारा देतो आणि सगळे १८ जीबी नव्याने कॉपी करतो. दोन आठवड्यांत डिस्क का भरली, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. आणि बॅकअपमधली फाइल तिथेच उघडून दुरुस्त करू नका. प्रोग्राम जागच्या जागी लिहिणारा असेल तर त्या फाइलच्या तीसही तारखा एकदम बदलतात. आधी बाहेर कॉपी करा, मग उघडा.

नावाच्या शेवटी ‘.अर्धी’ मुद्दाम आहे. आरसिंक यशस्वी झाला तरच पुढच्या ओळीत ‘एमव्ही’ने ते शेपूट काढून टाकायचं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर दुसऱ्या दिवशी ‘.अर्धी’ नावाचं फोल्डर दिसतं आणि ते अपुरं आहे हे न तपासता कळतं. यशस्वी म्हणजे परतीचा कोड, कमांड संपताना देते तो आकडा, शून्य. कोड २४ याचा अर्थ कॉपी चालू असताना एखादी फाइल पुसली गेली. कोणी तात्पुरती फाइल बंद केली तरी असं होतं, ते चालेल. कोड २३ आला तर मात्र काही फायली आल्याच नाहीत, तिथे संदेश वाचायलाच हवेत.

स्रोताच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका. ‘/कामे/चालू/’ म्हणजे चालूच्या आतलं सगळं, आणि ‘/कामे/चालू’ म्हणजे चालू हे फोल्डरच. रेघ द्यायची राहिली की प्रतीत ‘चालू’ नावाचा आणखी एक मजला चढतो आणि लिंक-डेस्टची जुळणी मोडते.

‘--डिलीट’ हा पर्याय वर मुद्दाम दिलेला नाही. रोज नवं फोल्डर असल्यावर त्याची गरज पडत नाही. तो धोकादायक कसा ठरतो ते मात्र समजून घ्या. स्रोत म्हणून ‘/कामे/’ दिलेलं असेल आणि ती डिस्क एखाद्या सकाळी माउंटच झाली नाही, म्हणजे त्या फोल्डरला जोडलीच गेली नाही, तर आरसिंकला तिथे रिकामं फोल्डर दिसतं. ही त्याच्या दृष्टीने चूक नसते, म्हणून तो थांबत नाही. मालकानेच सगळं पुसलं असं समजून तो प्रतही रिकामी करतो. उलट बाजूने बॅकअपची डिस्क लागलेली नसली तर तो ‘/बॅकअप’ या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मशीनच्याच डिस्कवर लिहीत सुटतो आणि मशीन भरून बंद पडतं. दोन्हींवर उपाय एकच: स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू /कामे’ आणि ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप’ तपासा, दोन्हींपैकी एक जरी नाही म्हणालं तर तिथेच बाहेर पडा. कधी --डिलीट वापरायची वेळ आलीच तर आधी ‘-एन’ लावून कोरडी फेरी (काहीही न पुसता नुसती चाचणी) घ्या आणि पुसल्या जाणाऱ्या नावांची यादी डोळ्यांनी वाचा.

क्रॉनमध्ये तारखेवरून लोक फार अडतात. टर्मिनलवर ‘डेट +%एफ’ (एफ मोठा) वर्ष-महिना-दिवस अशी तारीख देतो आणि ती नावात घातली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. पण क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. कमांड तिथेच तुटते. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. त्यापेक्षा सगळं स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनमधून नुसती स्क्रिप्ट बोलवा. ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडत असाल तर रात्री दोनचा क्रॉन कधीच चालणार नाही. सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) टायमर घ्या आणि त्यात ‘परसिस्टंट=ट्रू’ (पी मोठा) ठेवा; चुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून निघते. शेवटी, यशस्वी झाल्यावर ‘टच’ने एक खूणफाइल ताजी करा आणि ती दोन दिवसांपेक्षा जुनी झाली की लॉगिनला स्क्रीनवर मोठी सूचना येईल असं करा. चूक झाल्याचा संदेश टपालपेटीत पडून राहू शकतो, सकाळी समोर आलेली सूचना चुकत नाही.

आता संपलेली कामं. इथे टार योग्य आहे. टार हे नावच टेप आर्काइव्हवरून आलेलं, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेलं, आणि कुठल्याही मशीनवर उघडणारं. पण सहाशे जीबीची एक टार करू नका. एका कामाची एक टार करा: एक अंक, एक पुस्तक. जीझिपने दाबलेल्या फाइलमध्ये मधला एक बाइट खराब झाला तर त्याच्या पुढचं सहसा काही हाती लागत नाही. एका कामाचं नुकसान सोसता येतं, सगळ्या वर्षांचं नाही.

दाबायचं की नाही, हे फायली पाहून ठरवा. जेपीईजी, पीडीएफ, डॉकएक्स, ओडीटी या आतून आधीच दाबलेल्या असतात. त्यांच्यावर जीझिप चालवला तर वेळ जातो आणि जागा जवळपास तेवढीच राहते. न दाबलेली टिफ आणि साधा मजकूर मात्र चांगला आटतो. मराठी मजकुराचं यात एक वैशिष्ट्य आहे. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्यातले पहिले दोन बाइट दोनच ठरलेल्या जोड्यांपैकी एक असतात. तेच ते पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे दाबणाऱ्या प्रोग्रामला ते सहज गिळता येतं. तीन बाइटमुळे फाइल फुगते ही तक्रार दाबल्यावर बरीचशी उरत नाही.

दाबायचा प्रोग्राम म्हणून मी झेडएसटीडी घ्यायला सांगेन. जीझिप मागे पाहतो ती खिडकी फक्त ३२ केबीची, आणि तो प्रोसेसरचा एकच कोअर वापरतो. झेडएसटीडीला ‘-टी०’ (टी मोठा) दिलं की सगळे कोअर कामाला लागतात आणि ‘--लाँग=२७’ दिलं की खिडकी १२८ एमबीची होते. एकाच जाहिरातीच्या न दाबलेल्या टिफच्या चार आवृत्त्या एका कामात असतील, तर हा फरक फाइलच्या आकारातच दिसतो. मात्र एकेक टिफ खिडकीपेक्षा मोठी असेल तर आधीची आवृत्ती त्याला आठवत नाही. पातळी ३ ही ठरीव, रोजच्याला पुरते. कायमच्या साठ्याला १२ ते १५ ठेवा. १९ वर वेळ फार वाढतो आणि हाती येतं ते थोडं. एक्सझेड आणखी घट्ट बांधतो, पण संथ आहे. छोट्या ऑफिसला त्याची गरज दिसत नाही.

टार -सी -एफ - काम-२०२३-दिवाळी | झेडएसटीडी -टी० -१२ --लाँग=२७ -ओ काम-२०२३-दिवाळी.टार.झेडएसटी

पाइप आहे म्हणून स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ हवंच. ते नसेल तर टार मध्येच मेला तरी झेडएसटीडी मिळालं तेवढं नीट दाबतो आणि परतीचा कोड शून्य येतो.

टारमध्ये ‘एफ’च्या लगेच पुढे फाइलचं नाव हवं. ‘-सीझेडएफ’च्या जागी ‘-सीएफझेड’ लिहिलं तर ‘झेड’ नावाचीच फाइल तयार होते. याहून वाईट म्हणजे नाव लिहायचंच राहून ‘टार -सीएफ *.टिफ’ अशी कमांड गेली, तर यादीतल्या पहिल्या टिफलाच टार आर्काइव्हचं नाव समजतो आणि तिच्यावर लिहितो. ती टिफ गेली.

बांधण्याआधी कामाच्या फोल्डरमध्ये दोन गोष्टी आहेत का पाहा: अंतिम छापील पीडीएफ आणि वापरलेले फॉन्ट. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत केलेल्या फाइलमध्ये अक्षरं युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसला तर दहा वर्षांनी फाइल उघडेल, पण वाचता येणार नाही.

मराठी नावांबद्दल, कारण तुमची बहुतेक फोल्डर देवनागरीत दिसतात. एक्स्ट-४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे मात्रा-अनुस्वार धरून देवनागरीची ८५ चिन्हं. ‘दिवाळी’ एवढ्याशा शब्दात सहा चिन्हं, १८ बाइट गेले. विंडोजच्या डिस्कवर मात्र मर्यादा २५५ चिन्हांची असते. म्हणून गिऱ्हाइकाने दिलेली ‘लेखकाचं नाव - कवितेचं पूर्ण शीर्षक - दुसरं प्रूफ - दुरुस्त’ छापाची फाइल तिकडे चालते आणि आरसिंक इकडे ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून ती सोडून देतो. कोड २३ चं हे एक कारण. दुसरं, ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्तावाला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. शोधताना ‘दुसऱ्या’ टाइप करून फाइल सापडली नाही म्हणजे ती नाहीच असं समजू नका. ‘*दुस*’ असं देऊन पाहा. फोल्डरांना रोमन अक्षरांतला कामाचा नंबर आणि तारीख दिलीत तर ही डोकेदुखी उरत नाही.

टार तयार झाली की लगेच ‘शा२५६सम’ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून बाजूच्या फाइलमध्ये ठेवा. दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्यावर ‘शा२५६सम -सी’ने पडताळा. मूळ फोल्डर पुसायच्या आधी ‘टार -डी -एफ’ चालवा, तो आर्काइव्ह आणि डिस्कवरची फाइल समोरासमोर ताडून फरक सांगतो. काही छापलं नाही आणि कोड शून्य आला तरच पुसा. आणि आर्काइव्हची एकच प्रत असेल तर पुसूच नका, कारण तो बॅकअप नव्हे, नुसतं सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं एवढंच.

दोन डिस्क म्हटलं ते यासाठी. एक ऑफिसात, दुसरी घरी, दर शनिवारी अदलाबदल. दोन्ही कायम मशीनला लावून ठेवल्या तर खंडणी मागणारा व्हायरस किंवा विजेचा एक झटका दोन्ही घेऊन जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, त्या दिवशी तळमजल्यावर काय वाचलं आणि काय नाही हे ठाण्यात कुणाला सांगायला नको. ऑफिसातली डिस्क टेबलाच्या खालच्या खणात न ठेवता वरच्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा. दुसरी डिस्क लोकलने ऐरोलीला किंवा डोंबिवलीला जाणार असेल तर ती पिशवीसकट विसरली जाऊ शकते आणि तिच्यात गिऱ्हाइकांची कामं आहेत. लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) ती कुलूपबंद करा. ‘क्रिप्टसेटअप लक्सफॉरमॅट’ (फॉरमॅटचा एफ मोठा) डिस्कवरचं सगळं पुसतो, म्हणून हे रिकाम्या डिस्कवर पहिल्या दिवशीच करा. पासफ्रेज कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. ती हरवली तर फाइल कोणालाही काढता येणार नाही, तुम्हालासुद्धा.

इंटरनेटवर तिसरी प्रत ठेवायची तर आधी हिशेब करा. ६०० जीबी ५० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला, लाइन एकदाही न तुटता, जवळपास २७ तास लागतात; २० एमबीपीएसला ६७ तास. म्हणून फक्त ‘चालू’ पाठवा. त्याला रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम चांगला: तुमच्याच मशीनवर कुलूप लावून पाठवतो आणि सारखे तुकडे एकदाच ठेवतो.

महिन्यातून एकदा, तारीख ठरवून, परत काढायची चाचणी घ्या. महिन्यातलं कुठलंही एक काम निवडा, घरून आलेल्या डिस्कवरून ते रिकाम्या फोल्डरात काढा आणि ‘आरसिंक -ए -एन -सी -आय’ देऊन मूळ फोल्डरशी ताडा; इथे -सी प्रत्येक बाइट मोजायला लावतो आणि -आय फरक असलेलं नाव छापतो. त्यानंतर दोन फायली खरोखर डीटीपीच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि जोडाक्षरं, रफार, पानांचे आकडे जागेवर आहेत का ते पीडीएफ शेजारी ठेवून पाहा. किती मिनिटं लागली तेही लिहून ठेवा, म्हणजे अंक छापखान्यात जायच्या आदल्या रात्री डिस्क गेलीच तर किती वाजेपर्यंत काम परत उभं राहील, हे तुम्हाला फोनवर सांगता येईल.